अण्णांचा आवाज साफ करताना

२ नोव्हें., रवि.
भातकापणी झाली की आई खोपोलीला माझ्याकडे, शाळांना सुट्टी लागली की कर्जतला सुन्याकडे. अण्णा गेल्यापासून हेच ठरलेलं. यंदा कापणी उरकली तरी पत्ता नाही. फोन केला.
"राहीन रं अजून चार दिस. हितं तुझा बाप गातोय."
खुलासा असा : धाकट्या बंधूंनी, म्हणजे सुन्यानं, अण्णांची जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवलीय. पोशीरच्या घरी जयंतीच्या गाण्याची तालीम चालली होती, तेव्हा टेप केलेली. अण्णांचा आवाज म्हणून आमच्याकडे एवढीच. मला कळवावंसं वाटलं नाही.
माझ्या घरी आई आहे ती फोटोत.

४ नोव्हें.
सुन्याकडे फाइल मागितली. लगेच मोबाइलवर पाठवली. वर मेसेज : "दादा, ही बारीक केलेली एमपीथ्री आहे. मूळ लॉसलेस, काहीच न गाळलेली, मोठी आहे. घरी ये, पेनड्राइव्हवर देतो."
घरी ये. म्हणजे दरबारात हजर व्हा.
नाही गेलो. कन्व्हर्टर फुकट मिळतात.

५ नोव्हें.
उतरवला एक. एमपीथ्री आत, फ्लॅक बाहेर. फाइल एकदम गलेलठ्ठ, निवडून आल्यावर माणूस होतो तशी. प्लेयरच्या कोपऱ्यात 'लॉसलेस'चा बिल्लाही आला. सुन्याकडे आहे ते आता आमच्याकडेही.
वर्षा मागून बघत होती. "बारीक करताना जे गेलं ते परत कुठून आलं?"
म्हटलं, हा संगणकाचा विषय आहे.
"पाणी घातलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून साय धरत नाही," असं म्हणून आत गेली. बायको विज्ञान शाखेची करू नये.

८ नोव्हें., शनि.
दिवसभर अण्णांची साफसफाई. सॉफ्टवेअरला खरखर ओळखायला शिकवलं, त्यानं ती पुसली. अण्णा आता कसे, काचेच्या पेटीत बसून गायल्यासारखे.
सुरुवातीचा तुकडा कापला. त्यात गाणं नाहीच. कसलीतरी करकर, मग नुसतं सुंसुं, मग अण्णा : "सुन्या, लाल बटण दाबलंस का रं? लय हुशार माझा सुन्या." याचा गाण्याशी संबंध काय? साप्ताहिकाचा संपादक माझ्या सदरातून दर आठवड्याला याहून बरं काही कापतो. मी कुणाकडे रडत जात नाही.

९ नोव्हें.
आईला फोन. म्हटलं, माझ्याकडचे अण्णा जास्त साफ आहेत, येऊन तर बघ.
"साफ म्हंजी? तुझा बाप कदी घान गायला?"
पण येते म्हणाली.

१५ नोव्हें., शनि.
सुन्यानं आईला आणून सोडलं. चहा घेतला. माझे स्पीकर बघून "भारी आहेत दादा" म्हणाला. मनापासून. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, ही मोठी अडचण आहे.
तो गेल्यावर आईला खुर्चीत बसवून लावलं. डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर,
"आन् सुन्याला बोलतात ते?"
"सॉफ्टवेअरनं खाल्लं."
"त्येवडंच बरं खाल्लं."
जेवताना वर्षाकडे मीठ मागितलं, मीठ माझ्यापुढं होतं.

१६ नोव्हें.
सकाळी पिशवी भरून दाराशी. "कर्जतला सोड मला."
मग मीही तडकलो. हाक सुन्याला, शाबासकी सुन्याला. मी त्या घरात भाड्यानं राहत होतो काय?
आई खाली बसली. शांतपणे म्हणाली, "टेपात हुतास की. पयलं दार करकरतंय ना, तो तू. सुन्याच्या हातात टेप दिला म्हनून फुगून भायेर गेलास. नि त्ये थांबले. गडी परत फिरंल म्हनून थांबले. तू नाय आलास, मंग सुन्याला इचारलं बटनाचं. मी त्येच ऐकते रं. तुमी दोगं हाव त्यात. तू दोगांना काडलंस."
मला काही आठवत नाही. त्या वयापासून असाच म्हणजे.
वर्षानं पिशवी आत नेऊन ठेवली.

१७ नोव्हें.
मोबाइलवरची एमपीथ्री होती तशीच पुन्हा लावली. हेडफोन, डोळे मिटून. करकर आहे. दार असेल. पाटही असेल. नंतरची सुंसुं म्हणजे नुसतं पीठ, त्यातून काही सुटं होत नाही. तिची फ्लॅक केली, चोवीस बिटची केली. मोठं पीठ.

२२ नोव्हें.
सुन्याला फोन केला. करायला आठवडा गेला. मूळ फाइल हवी म्हटलं.
"उद्या ये ना. आईला पण आण. मटण करतो."
का हवी, विचारलं नाही. टोमणा नाही, काही नाही. एखादा तरी मारायचा.

२३ नोव्हें., रवि.
कर्जत. आईनं पिशवी बरोबर घेतली. तिकडेच राहणार का, ते विचारलं नाही.
जेवणाआधी सुन्यानं लॅपटॉप उघडला. कॅसेटवरून आली तशी फाइल, खरखरीसकट, हात न लावलेली. हेडफोन माझ्या कानावर घातले, मग एक बाजू जरा उचलून म्हणाला, "दादा, दार वाजल्यावर अण्णा थांबतात ना, तिथं हळू काहीतरी म्हणतात. मला नीट लागत नाही. तुझं नाव वाटतं."
"खोकले असतील."
"असतील. पण मी हुशार म्हणून घेतलं ते एका बटणापुरतं. माझ्यासाठी असे ते कधी थांबले नाहीत."
असलं काही तो बोलेल असं वाटलं नव्हतं. उचललेली बाजू मीच कानावर ओढली.
लावलं त्यानं. दारच आहे. आमच्या पोशीरच्या घराचं, खालची बिजागरी. मग ती शांतता, आणि तिच्या तळाशी...
आई दंडाला धरून, "काय म्हनले रं? तुलाच ना?"
"थांब गं. ऐकू दे."
सुन्यानं न सांगता पुन्हा मागं घेतलं.