पापनाशमला उतरलेली मुलगी

प्रिय अखिला,

तू परत पाठवलेले कागद मला मिळाले होते. दिले तसेच, त्याच क्रमाने, फक्त माझ्या गंजक्या टाचणीच्या जागी नवी टाचणी. सोबत तुझी चिठ्ठी, की लग्न मोडण्याचे खटले तू घेत नाहीस हे मला ठाऊक आहे, आणि माझ्या प्रियासाठी तू रोज प्रार्थना करतेस. पोच द्यायला उशीर झाला, कारण मधले सगळे दिवस मी रागावण्यात घालवले. आपल्या वयाला रागावणं हे पूर्ण वेळेचं काम होऊन बसतं. शाळेचे पेपर तपासायचे राहून जातात.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मध्येच "संगी, आधी ऐक" म्हणतेस आणि मी ऐकत बसते. शिवाय बोलता बोलता आपण तमिळमध्ये कधी घसरतो ते कळत नाही, आणि तमिळमध्ये मला तुझ्यावर नीट रागावता येत नाही. देवनागरीत लिहिण्यात आणखी एक सोय आहे. हे पत्र तुझ्या टेबलावर उघडं पडलं तरी तुझ्या हाताखालच्या वकिलांना किंवा तुझ्या नवऱ्याला, अरुळराजभावजींना, त्यातलं अक्षर लागायचं नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आपल्या मराठी गल्लीतसुद्धा ही लिपी न अडखळता वाचणारं माणूस आता शोधावं लागतं.

तुझी तत्त्वं मला नवी नाहीत. आपल्या मैत्रीत त्यांचा भार मीच जास्त वाहिला आहे. देवाला दाखवलेलं तू खात नाहीस, म्हणून इतकी वर्षं दिवाळीला चकलीसारखे मुरुक्कू तळणीतून निघाले की नैवेद्याच्या आधी मी तुझा डबा भरते. नैवेद्याआधी लाडवाकडे बघायचीही बंदी असलेलं आमचं घर. सासूबाई होत्या तोवर हा उद्योग त्यांची पाठ वळली की करावा लागे. एकदा त्यांनी पकडलंच. "देवाच्या आधी कोण जेवणार आहे गं?" म्हटलं, अखिला. त्या म्हणाल्या, "मग डबा तरी धुतलेला घे."

आणि गंमत अशी, की देव सोडला तर आपलं बाकी सगळ्यावर एकमत. सिनेमातले नाच, दारूची दुकानं, लग्नाशिवाय एका घरात राहणारी पोरं, मोबाइलवर मान मोडून बसलेली पिढी. रविवारच्या प्रार्थनासभेत तू जे बोलतेस आणि दहावीच्या वर्गात मी जे बोलते त्यांची अदलाबदल केली, तर दोन्हीकडे कोणाला पत्ता लागणार नाही. फक्त तुझ्याकडे शेवटी आमेन म्हणतात आणि माझ्याकडे घंटा होते.

तू तिरुचीला कायदा शिकायला गेलीस आणि बाप्तिस्मा घेऊन आलीस, तेव्हा बाळकृष्णरावकाकांनी तुझ्या नावाने आंघोळ केली. जिवंत लेकीच्या नावाने. आणि त्याच संध्याकाळी आमच्या तिण्णैच्या ओट्यावर येऊन बसले, भिंतीकडे तोंड केलं आणि मला विचारलं, "ती तिथे वेळेवर जेविते का, काही कळतं तुला?" मला तेव्हा दोघांचाही राग आला होता. इतकं प्रेम असलेल्या माणसांनी एकमेकांना इतकं का छळावं, याचं उत्तर ना मी शिकवते त्या व्याकरणात मला सापडलं, ना तुला तुझ्या शास्त्रात.

पण तुझ्यामुळे मी एकदा भरूनही पावले आहे. त्या कालव्याकाठच्या गावात कोणाच्या तरी घरी थोडी कुटुंबं जमून प्रार्थना करायची. शेजाऱ्यांनी तक्रार केली, एका अधिकाऱ्याने घराला कुलूप लावलं आणि तू कोर्टात उभी राहिलीस. मी रजा टाकून मागच्या बाकावर येऊन बसले होते. माणूस आणि त्याचा देव यांच्या मध्ये तिसऱ्याने उभं राहू नये, मग तो तिसरा सरकारी शिक्का घेऊन आलेला का असेना, असं तू म्हणालीस. तुझ्या देवाशी माझी ओळख नाही. तरी त्या दिवशी वाटलं, ही माझ्याही वतीने बोलते आहे. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "उद्या तुझी मैत्रीण आपल्या दारातलं रांगोळीचं कोलम पुसायला सांगेल." मी म्हटलं, "सांगेल. पण हात धरून पुसायला लावणार नाही." ह्यांना त्यातला फरक दिसला नाही. मला दिसला होता, म्हणून तर हे सगळं इतकं लागलं.

लग्नाच्या बाबतीत तू इतकी कडक का, हे तुझ्या सभेतल्या लोकांपेक्षा मला जास्त माहीत आहे. अरुळराजभावजी पीत होते ती वर्षं मी पाहिली आहेत. सगळ्यांनी सांगितलं, सोड. मीही सांगितलं. तू म्हणालीस, वरच्याने बांधलेली गाठ कोर्टात जाऊन सोडायची नसते. तू राहिलीस आणि त्यांची दारू सुटली. आता ते मुलांना गाणी शिकवतात आणि माझ्याकडची कॉफी कडक आहे म्हणून अर्धी ठेवतात. त्या तपाची मी कधी थट्टा केली नाही. पण अखिला, एका स्वयंपाकघरात धूर आणि विस्तव एकत्र दिसले म्हणून सगळ्या जगाचा नियम होत नाही. एका दृष्टान्तावर व्याप्ती उभारू नये, हे आपण दोघी तर्कशास्त्राच्या वर्गात एकाच बाकावर बसून शिकलो, आणि त्या पेपरात तुला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. भावजी प्यायचे, स्वतःवर रडायचे, गटाराच्या कडेला झोपायचे. त्यांनी तुझ्यावर कधी हात उचलला नाही. हे तूच मला सांगितलं आहेस.

आता प्रियाचं. मी कागद पाठवले त्यात डॉक्टरांचा कागद होता, त्यामुळे कानाचं तुला माहीत आहे. डाव्या कानाने तिला अजून कमी ऐकू येतं. हाक मारली की ती सगळी मान वळवते, म्हातारपणी माझी आई वळवायची तशी. आणि वळल्यावर हसते, म्हणजे आपल्याला वाईट वाटू नये. तू नाही म्हटल्यावर वेंकटरमण म्हणून इथल्या एका वकिलांनी खटला घेतला. सावकाश बोलणारे गृहस्थ आहेत. ते चष्मा शोधेपर्यंत आपला राग अर्धा होतो. अर्ज दाखल झाला आणि तिच्या नवऱ्याचं, गिरीशचं उत्तर आलं. त्यात म्हटलं आहे: बायको न्हाणीघरात पाय घसरून पडली. आमच्यात त्याआधी कधी काही नव्हतं. एकदा ती रुसून निघाली होती, तेव्हा पापनाशमच्या नामवंत वकील अखिलाबाई, ज्या तिला मावशीच्या जागी, त्यांनी स्वतः तिला कुंभकोणमला आणून घरी सोडलं. काही वावगं असतं तर अशा बाईंनी तिला सोडलं असतं का?

गिरीशला इतकं बांधीव वाक्य सुचत नाही, ते त्याच्या वकिलाचं. पण प्रश्न चोख आहे. मलाही तोच पडला.

ती संध्याकाळ मला आठवते. तुझा फोन आला होता. प्रिया माझ्याकडे आहे, सहज उतरली, जेविली, उद्यापरवा जाईल. मला थोडा हेवा वाटला, की आईचं घर सोडून पोरगी मावशीकडे राहते. आता ते उत्तर हातात घेऊन मी प्रियासमोर बसले आणि विचारलं, सहज उतरली होतीस का? तिने आधी मान वळवली, मला वाटलं ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. मग ती बोलली. कुंभकोणमहून तिने तंजावूरचं तिकीट काढलं होतं. बस पापनाशमला थांबली आणि ती उतरली. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "घरी आले असते तर अप्पा रडले असते आणि तू श्लोक म्हटला असतास, अम्मा." श्लोक कुठला, ते मी विचारलं नाही. दोन-तीन मलाच लगेच आठवले.

तुझ्या घरी तू तिला न्हाऊ घालायला बसवलंस. डोक्यावर पाणी ओतता ओतता तुझा तांब्या थांबला. मान आणि पाठ, दोन्हींवर माराचे डाग होते. तू आत गेलीस, खोबरेल तेल घेऊन आलीस. तिने हात धरून तुझ्याकडून शब्द घेतला, की आईला सांगायचं नाही, आणि तू दिलास. मग तू तिला घेऊन कुंभकोणमला गेलीस. गिरीश रडला. तो रडतो फार छान, मीही पाहिलं आहे. पाया पडला, पुन्हा होणार नाही म्हणाला. तू दोघांचे हात एकमेकांत दिलेस, प्रार्थना केलीस आणि परत आलीस. त्या वेळी तुझ्या डोळ्यांसमोर अरुळराजभावजी होते, हे मला समजतं. समजतं म्हणूनच चीड येते. नुसती दुष्ट बाई असतीस तर मी तुला सोडून दिलं असतं. कोर्टात तू म्हणालीस, मध्ये तिसऱ्याने उभं राहू नये. मग त्या घरात, एका घाबरलेल्या मुलीच्या आणि तिच्या स्वतःच्या मनाच्या मध्ये, कोण उभं होतं गं? माझ्या मुलीवर कोणी कुलूप लावलं?

प्रिया मात्र तुझ्याविरुद्ध ऐकून घेत नाही. मी जरा आवाज चढवला तर म्हणाली, "मावशीने मला वाईट हेतूने परत नेलं नाही. सगळं नीट होईल, असं तिला खरंच वाटलं होतं." त्यानंतर कधीतरी गिरीशने पुन्हा हात उचलला, तेव्हाच कान गेला, आणि या वेळी ती तंजावूरपर्यंत आली. हातात पिशवीही नव्हती. चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या.

मी हे सगळं वेंकटरमणांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "अम्मा, कानाचं एकदाच झालं म्हटलं तर त्याला अपघात म्हणता येतं. त्याआधीही झालं होतं, हे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस पाहिजे. पाठीवरचे डाग आता गेले." मग जाता जाता म्हणाले, की ज्या वकिलाला साक्षीला उभं राहावं लागणार, त्याने तो खटला चालवायचाच नसतो. म्हणजे तुला नकार देण्याची गरजच नव्हती, आणि मला रागावण्याची. शाळेपासून आजवर आपण दोघींनी मिळून पुष्कळ निरुपयोगी कामं केली, त्यात हे सर्वांत मोठं.

म्हणून हे पत्र. लग्न मोडायला ये, असं मी म्हणत नाही. ते न्यायाधीश बघतील, आणि ते पाप असेल तर माझ्या डोक्यावर असू दे, तिथे जागा आहे. तू फक्त त्या दिवशी न्हाणीघरात जे पाहिलंस तेवढं येऊन सांग. तुला वाटत असेल की तू गप्प आहेस. तू गप्प नाहीस, अखिला. कोर्टात दाखल झालेल्या त्या कागदावर तू गिरीशच्या बाजूने बोलते आहेस, आणि तुझं नाव इतकं स्वच्छ आहे की लोक विश्वास ठेवतील. प्रियाला दिलेल्या शब्दाचं म्हणशील, तर तिने सांगितलं आहे की तो तिने परत घेतला, मावशी मोकळी आहे. समन्स काढता येतं. वेंकटरमण तयार आहेत. तू येशील, विचारतील तेवढं सांगशील आणि खरंच सांगशील, याची मला शंका नाही. मी एव्हाना काढलंही असतं, पण प्रियाने माझा हात धरला. म्हणाली, मावशीला ओढून आणायचं नाही, तिला ते कधीच आवडलेलं नाही. आता ज्या मुलीचा कान गेला ती असं म्हणते, तर तिच्या आईने काय करावं? मी वेंकटरमणांना थांबवून ठेवलं आहे, पण मी प्रियाइतकी चांगली नाही, फार दिवस थांबवणार नाही. मला हो किंवा नाही, एवढंच कळव. प्रार्थना करते, असं या वेळी कळवू नकोस. प्रार्थना करायची असेल तर कर, पोटभर कर. ती झाली की पदर खोच आणि तंजावूरच्या बसमध्ये बस. मधे कुठे उतरू नकोस.

अजून रागावलेली, आणि तरीही तुझीच,
संगीता