सरकारने दिलेला वकील

आई, तू करायचीस ते काम परवा मी इथे ओमानमध्ये पाहिलं. आमच्या कंपनीच्या इब्रा गावातल्या साइटवरच्या स्टोअरकीपरवर केबल चोरल्याची केस झाली. रत्नागिरीकडचे, माझ्याहून वयाने मोठे. मी त्यांना भाई म्हणते. वकील करायची ऐपत नव्हती, म्हणून कोर्टाने सरकारी खर्चाने एक वकील दिला. भाई त्याच्याशी बोलायलाच तयार होईनात. मॅनेजर मला म्हणाला, "तू यात पडू नकोस." तरी सुट्टी टाकून मी मस्कतमधल्या अझैब्याहून इब्राला गेले. "सरकारनंच पकडलान, नि वकीलपण सरकारचाच," भाई म्हणाले. "तो माझ्या बाजून कशाला बोलंल, ताई?"

तुझ्याकडे येणारी माणसंही हेच म्हणायची ना? कोर्टामागची, गरिबांना फुकट वकील देणारी ती विधी साहाय्याची खोली मला अजून दिसते. अनुदान आटलं त्या वर्षी टायपिस्ट गेला, बाकीचे वकील गेले, उरलीस तू. व्हरांड्यात उभ्याउभ्या भेटून कुणाचा बचाव होत नाही, म्हणून आरोपींना भेटायला एसटीने तुरुंगात जायचीस. एकदा स्वयंपाकघरात मी म्हटलं, चोरांसाठी कशाला एवढं, सोड ते. तू भाकरी थापते आहेस, मागे न बघता म्हणतेस, "चोर आहे हे तू ठरवलंस? पकडायला सरकार पैसा काढतं ना? मग त्याचं म्हणणं मांडायलाही काढलाच पाहिजे." 

भाईंना मी तुझं तेच वाक्य सांगितलं, तुझ्याबद्दलही सांगितलं. मग ते त्या तरुण ओमानी वकिलासमोर बसले. त्याने दुभाषी बोलावला होता आणि त्याला कसलीच घाई नव्हती. माल गेला तेव्हा भाई तापाने खोलीवर पडून होते, किल्ल्या सुपरवायझरकडे होत्या. वकिलाने दवाखान्याचे कागद मागवले, गेटवरच्या पहारेकऱ्याला साक्षीला आणलं. निकालाला मी पुन्हा गेले होते; भाई निर्दोष सुटले. मला आनंद झाला, आणि तुझ्या वतीने थोडा हेवाही वाटला. तुला दुभाषी लागत नव्हता, पण टायपिस्ट आणि जोडीला एखादा वकील मिळाला असता तरी किती जण घरी गेले असते.

कोर्टाबाहेर भाई माझा हात धरून म्हणाले, "तुमच्या आईला माझा सलाम सांगा." तू जाऊन बरीच वर्षं झाली, हे सांगायला माझी जीभ रेटेना. "सांगते," मी म्हणाले. हे पत्र कुठल्या पेटीत टाकता येणार नाही, ठाऊक आहे. पण भाईंना 'सांगते' म्हणून बसले होते.