सबटायटलच्या कुबड्या

३ जून
आजपासून तेलुगू सिनेमा फक्त तेलुगूत. डबिंग बंद, सबटायटल बंद. धडधाकट माणसाला कुबड्या कशाला? बायको म्हणाली, अहो, तुम्हाला तेलुगू येत नाही. म्हटलं, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. ती म्हणाली, चार वर्षं पाण्यातच आहात. दुर्लक्ष केलं.

५ जून
ऑफिसच्या फिल्म क्लबचे अध्यक्ष रिटायर होताहेत. वीस तारखेला कॅन्टीनमध्ये इच्छुकांची भाषणं, मग हात वर करून मतदान. इच्छुक दोन: मी आणि स्टोअरकीपर. हा माणूस हिंदी सिनेमात नायिका नुसती खिडकीत उभी राहिली तरी रडतो. अकरा वर्षं प्रत्येक शोच्या खुर्च्या मी मांडल्यात. आता त्यातली एक मला हवीय. मनापासून हवीय, इथे लिहायला हरकत नाही.

८ जून
मुलीने नवा तेलुगू सिनेमा पेनड्राइव्हवर आणून दिला. दोन फाइल आहेत, टीव्हीवर त्या उलट्या क्रमाने दिसतात, असं काहीतरी सांगत होती. हात वर करून थांबवलं. सिनेमा कसा बघायचा हे बापाला शिकवू नये. वरची लावली.

८ जून, संध्याकाळी ७
अफाट! दीड तासात हीरो मरतो, रडारड, नामावली सरकते. सामान्य प्रेक्षक उठला असता. मी बसलो. मग सिनेमाचं नाव येतं आणि तोच हीरो जिवंत, केस काळेभोर, कॉलेजात! शेवटी ऐन मारामारीत पडदा काळा. निकाल आपण लावायचा. हिंदीवाल्यांना बापजन्मात जमणार नाही.

१३ जून
भाषणाचे मुद्दे. हिंदी: हीरोला राग आलाय की अपचन झालंय, हे कळायला इंटरव्हल उजाडतं. मल्याळी: सगळे इतके सहज वागतात की सिनेमा सुरू झालाय हे कुणीतरी सांगावं लागतं. मराठी: चार माणसं सोफ्यावर बसून घर विकायचं की नाही ते ठरवतात. आपलेच आहेत, जास्त बोलत नाही. तेलुगू: हीरो दारातून आला की दारच उरत नाही.
स्टोअरकीपर म्हणे भाषण लिहीतसुद्धा नाहीये. बिचारा.

१७ जून
मुलीसमोर तालीम. काळ उलटा फिरवणारा दिग्दर्शक, या मुद्द्यावर तिने तोंडावर उशी धरली. भारावली असावी. मग बाबा, ती फाइल, असं काही सुरू केलं. पुन्हा हात वर केला. निदान एकदा सबटायटल लावून बघा म्हणाली. नाही म्हणजे नाही.

२० जून
भाषण तेवीस मिनिटं. मरणाकडून कॉलेजकडे जाणारा प्रवास समजावला. टाळ्या पडायच्या बेतात होत्या. तेवढ्यात नव्या ऑडिटरबाई उठल्या. त्यांची मातृभाषा तेलुगू आहे, हे मला कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी फार मायेने विचारलं, सर, तुम्ही दुसरा भाग आधी पाहिलात का? मी ज्या म्हाताऱ्याला खलनायक म्हणालो तो हीरोचा बाप आहे, हेही सांगितलं. कॅन्टीनचा आचारी पातेलं खाली ठेवून हसला. मी ठणकावलं, मग दिग्दर्शकाचं चुकलं, माझाच क्रम बरोबर आहे. अजूनही तेच म्हणणं आहे.
मतदान. स्टोअरकीपर सव्वीस. मी एक, तो हातही माझाच. फार वाईट वाटलं. खुर्च्या आवरायला स्टोअरकीपर आला. नको म्हटलं.

२१ जून
क्लबशी संबंध संपला. शनिवारच्या शोच्या खुर्च्या तेवढ्या मांडून देईन, त्यांना रांग सरळ जमत नाही.
संध्याकाळी मुलीने खालची फाइल लावली, सबटायटलसकट. म्हटलं, असू दे तुझ्यासाठी. तो म्हातारा मुलाला बसमध्ये बसवून देतो आणि बस दिसेनाशी झाली तरी हात वर करून उभाच राहतो. त्याला मी काल भर कॅन्टीनमध्ये हलकट म्हणालो. रडलो. स्टोअरकीपरला कळता कामा नये.
तत्त्व कायम आहे. फक्त मुलीला म्हटलं, अक्षरं जरा मोठी कर.