कापडाची सुलटी बाजू

५ फेब्रुवारी, माधवनगर

या भाषेचे पुस्तक अवघे अकरा पानांचे! त्यांतली चार मागाच्या साफसफाईवर. कोणता धागा उचलायचा, कोणता सोडायचा, हे आमच्या जुन्या मागाला याच परदेशी यंत्रभाषेत सांगावे लागते. इंटरनेटवर तिच्याविषयी दोनच प्रश्न सापडले – दोन्ही अनुत्तरित.

साडीच्या जुन्या किनारीचे मागात साठवलेले निम्मे आदेश पुसले गेले आहेत. उरलेल्यांवरून भाषा शिकून बाकीचे मी लिहायचे. मालक नानासो म्हणाले, "महिनाअखेर किनार विणून मागावरनं उतरली न्हाई, तर माग भंगारात. लियाकत घरी, आन् तुमीबी."

लियाकतचाचा तेवीस वर्षे याच मागावर आहेत.

८ फेब्रुवारी

साताऱ्याची शाळा फार आठवते. तिथे प्रत्येक धड्याखाली स्वाध्याय असे आणि पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची. ग्रंथालयातल्या लीलाबाई खिडकीजवळची खुर्ची माझ्यासाठी राखून ठेवत – "आली गं आमची पहिली!" पहिले येणे किती सोपे होते तेव्हा!

१३ फेब्रुवारी

पुन्हा चूक.

१७ फेब्रुवारी

नमुन्यात जिथे फूल आहे, तिथे आदेश म्हणतात – धागा सोडा. शब्दांचे अर्थच मला चुकीचे लागले असावेत, म्हणून आठवडाभर अर्थ बदलत राहिले. कुणाला विचारले मात्र नाही. विचारायची सवयच नाही!

आज चाचांनीच दाढीचा आरसा मागाखाली धरला. "पोरी, सुलटं कापड खाली असतंय. तसं केलं की कमी धागं उचलायला लागत्यात. पहिल्या नंबरची तू, पर कमरंत वाकंनास व्हय!"

वाकले. आरशात फूल होते!

२२ फेब्रुवारी

वही भरते आहे – शब्द, अर्थ, उदाहरण. शाळेत भरत असे तशीच, तांबड्या शाईने समास आखून. अडले की चाचांना विचारते. त्यांना अक्षर वाचता येत नाही. पण मी आदेश मोठ्याने वाचला, की कोणता धागा हलेल ते बोट ठेवून दाखवतात.

२७ फेब्रुवारी

किनार उतरली! चाचा कितीतरी वेळ तिच्यावरून हात फिरवत होते. "माझ्या लेकीच्या, फिरदोसच्या आईला पहिली साडी ह्याच किनारीची आणली हुती," एवढेच बोलले.

२९ फेब्रुवारी

नानासोंनी चालू माग विट्याच्या व्यापाऱ्याला विकला. त्या व्यापाऱ्याला मागासोबत ही भाषा जाणणारा एक माणूसही हवा होता. नानासोंनी माझ्याकडे बोट दाखवले; म्हणजे चाचा घरी. भर कारखान्यात मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले –

"मला नाही, चाचांना न्या. वही मी त्यांना वाचून दाखवली आहे. त्यांना पाठ आहे."