जिंदगीभराचं घ्यावं की महिन्याचं?

खामगाव, आमीरभाईच्या नेट कॅफेची पायरी
(तारीख आतल्या कॅलेंडरवर आहे, आणि आत लाइट नाही.)

सौ. जयमालाताईस,

धाकट्या गोकुळचा नमस्कार. अगदी पायाला हात लावून, आणि तो आधीच उरकून घेतो, कारण पुढचं वाचल्यावर तू पाय जवळ येऊ देशील याचा भरवसा नाही. भाऊजींनाही सांग. त्यांची ॲसिडिटी कशी आहे? चिमीचे पुढचे दात आले का? तुमच्या देऊळगाव राजाला पाऊस बरा झाला असं ऐकलं. इकडे झाला तेव्हा नको होता आणि हवा होता तेव्हा झाला नाही, पण ते तुला ठाऊकच आहे.

हे पत्र पोळ्यापासून लिहायचं राहिलं आहे. पोळ्याला लिहायला बसलो तर पेन नव्हता. नवरात्रात पेन मिळाला तर तो बोअरवाल्या गाडीच्या ड्रायव्हरने मागून नेला. त्यानंतर मात्र खरं कारण असं की मी लिहायला बसलो की लाइट यायची. लाइट आली की मी कॅफेच्या आत आणि पत्र खिशात. आज मात्र जितकी जाते तितकी गेली आहे, कॅफेत अंधार आहे, आणि मी पायरीवर बसून तुला लिहितो आहे. फोन काऊन नाही केला म्हणशील. तर ताई, तू फोन उचलल्यावर हॅलोच्या जागी "आता काय पाह्यजे?" म्हणतेस. पत्रातल्या माणसाला मधे तोडता येत नाही.

मी सध्या गाठीच्या ट्रकवर आहे. (बियाण्याच्या जाहिरातीच्या जीपवर भोंगा घेऊन होतो ते उन्हाळ्यातच सुटलं. मग बोअरच्या गाडीवर गेलो. तिथली माणसं तामिळनाडूची, मी त्यांच्याकडून तामिळ शिकलो, म्हणजे "अजून खाली" एवढंच शिकलो, पण आपल्या भागात बोअरला तेवढं पुरतं.) हा ट्रक इथल्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरतो आणि थेट दक्षिणेत सूतगिरणीपर्यंत नेतो. ड्रायव्हर गुलाबराव म्हणून आहेत, माणूस चांगला, फक्त खिडकीची जागा कोणाला देत नाहीत, तिथे ते स्वतःची पिशवी ठेवतात. पण मी ट्रकचं सांगत नव्हतो. मी सांगत होतो खेळाचं.

तर असं आहे. कॉम्प्युटरवर एक खेळ आहे. सिनेमासारखा दिसतो, पण त्यात एक माणूस आपला असतो. डोंगर आहेत, बाजार आहेत, राक्षस आहेत, आणि जगभरचे लोक आपापला माणूस घेऊन त्याच बाजारात हिंडत असतात. आपल्या माणसाचं नाव बलभीम. त्याला एक घोडा, एक कुऱ्हाड आणि डोंगराच्या कडेला झोपडी आहे. "आपला" म्हणजे माझा आणि अकरमचा. अकरम तुला आठवत असेल, युसूफचाचांचा, गादीच्या दुकानातला, शाळेत माझ्या शेजारी बसायचा आणि माझ्यामुळे मार खायचा. बलभीम एकच आणि आम्ही दोघे, म्हणून तो आम्ही बटईनं केला आहे, जसं आपलं वावर पंजाबरावकाकांकडे बटईनं आहे. निम्मा खर्च त्याचा, निम्मा माझा, आणि जे पिकेल ते निम्मं निम्मं. अकरम दुपारी दुकानातून तासभर येतो आणि बलभीमला खाणीत दगड फोडायला लावतो. मी ट्रकच्या वाटेवर जिथे कॅफे दिसेल तिथे उतरतो आणि बलभीमला फिरायला नेतो. यावरून आमचं भांडण होतं. अकरम म्हणतो, "अबे, मी त्याले दिवसभर राबवतो, दोन पैसे गाठीले बांधतो, अन् तू त्याले समुद्र पाह्यले घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी माहा तास त्याले वापस आणन्यातच जाते." (समुद्र मात्र फार छान आहे, ताई. त्यात मासे आहेत आणि ते आपल्याकडे बघतात.)

या खेळाला महिन्याचं कार्ड लागतं. ते आमीरभाईकडेच मिळतं, मोबाईलच्या रिचार्जसारखं खरडायचं असतं, आणि अकरमचा नियम असा की दोघे हजर असल्याशिवाय कार्ड खरडायचं नाही. पेरणीला बटईदार बांधावर पाहिजे, म्हणतो. म्हणून मी कुठेही असलो तरी एक तारखेला खामगाव गाठतो. एकदा तर आदिलाबादवरून टोमॅटोच्या गाडीत बसून आलो होतो. आणि इथवर आलोच तर शेगावला गाडी बदलून सोनाळ्याला जातो, दोन दिवस आईजवळ राहतो, कपडे धुऊन होतात, भाकरी खातो, परत निघतो. बाबा गेल्यापासून आणि तू सासरी गेल्यापासून घर मोठं वाटतं, पण मी असलो की तेवढं वाटत नाही असं आई म्हणते. माझं सामान पसरलेलं असतं म्हणून असेल.

आता खरी गोष्ट. दिवाळीच्या सुमारास खेळाच्या कंपनीने जाहीर केलं की एकदाच रक्कम भरा आणि जिंदगीभर खेळा. रक्कम म्हणशील तर साधारण सव्वा वर्षाच्या कार्डांइतकी. त्यापुढे सगळं फुकट. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एकच किडा आहे : घ्यावं की नाही? आणि तुला माहीत आहे, मला एखादी गोष्ट कळली नाही तर मी लोकांना विचारत फिरतो. (फिरायचंच असतं, विचारणं वाटेत होतं.)

पहिले आमीरभाईला विचारलं. तो म्हणाला, त्याच्याकडच्या एका पोराने दुसऱ्या एका खेळाचं असंच जिंदगीभराचं घेतलं. खेळ अजून चालू आहे. पण पोरगा शेगावला लॉजवर मॅनेजर झाला, त्याचा खेळावरून जीव उडाला, आणि आता भरलेले पैसे वसूल व्हावेत म्हणून रोज ड्यूटी संपल्यावर तोंड वाकडं करून खेळतो. महिन्याचं असतं तर कधीच सुटला असता बिचारा. हे मला विचार करण्यासारखं वाटलं, पण मी काही लॉजवर मॅनेजर होत नाही.

मग युसूफचाचा. त्यांनी गादीत कापूस भरता भरता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, मी बी परमनंट होतो." इथल्या एका मिलमध्ये ते कायम झाले होते, पेढे वाटले होते, लोक तेव्हापासून त्यांना परमनंटचाचा म्हणतात. पुढे मिल बंद पडली. "मिल गेली, परमनंट राह्यलो," असं म्हणून हसले, आणि मग सुई तशीच धरून विचारते झाले, "जिंदगी म्हंजे कोनाची? तुही, का त्या बलभीमची, का कंपनीची?" मी आमीरभाईकडून कंपनीचा बारीक अक्षरातला मजकूर वाचून घेतला. जिंदगी कंपनीची निघाली. त्यांनी खेळ बंद केला की आपली जिंदगी संपली, आधी नोटीस देतील. यावर मी दोन दिवस उदास होतो. मग हिशेब केला की कंपनी सव्वा वर्ष जरी जगली तरी आपण बरोबरीत, त्यापुढे नफाच. म्हणजे घ्यावं.

तरी एकदा पंजाबरावकाकांना विचारावं म्हटलं, कारण दर वर्षी घेणं आणि एकदाच असणं हे दोन्ही त्यांनी पाहिलं आहे. घरची सरकी ठेवायचे तेव्हा बियाण्याला दुकानात जावं लागत नव्हतं. बीटी आल्यापासून दर मिरगाला थैल्यांसाठी रांगेत उभे असतात. ते वावरात होते. मला बघून पहिले जुनं काढलं, "ये, भोंगेवाले. 'एकदा लावा, अळी विसरा' बोंबलत कोन गेलं होतं बे जीपवरून?" मी म्हणालो, काका, अळी आलीच नाही ना. पिठ्या ढेकूण आला, त्याचं नाव माझ्या भोंग्यावर नव्हतं. (यावर ते जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, आणि तुझ्या सासरी हे पत्र मोठ्यानं वाचलं जात असेल.) मग शांत झाले आणि म्हणाले, "घरची सरकी होती तवा दुकानदार मले रस्त्यानं वळखत नव्हता. आता 'या पंजाबराव, बसा पंजाबराव,' पोरीबाळीची चौकशी करते, चहा सांगते. एकदाच पैसे घेतल्यावर कोन पुसते तुले? तो चहा लय महाग पडते, ते अलग." मी विचारलं, मग घेऊ की नको? म्हणाले, "मले काय माहीत बे? तू आईले पुस."

आईला विचारून काय होणार, असं मला वाटलं होतं. पण विचारलं. ती कापसाच्या वेचणीवरून आली होती, कमरेची ओटी सोडत होती. मी तिला सगळं गणित नीट सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "मंग महिन्याचं कार्ड बंद?" मी म्हटलं बंद. "मंग एक तारीखले तू काऊन येशीन?" मी म्हटलं, आई, तोच तर फायदा आहे, यायची गरजच नाही! ताई, तिनं मला वरण वाढलं, आणि थोड्या वेळानं त्याच वरणावर पुन्हा वरण वाढलं. नंतर म्हणाली, "महिन्याचंच घे. तुहा वाटा मी देतो." म्हणजे जे स्वस्त आहे ते सोडून जे महाग आहे त्याला ती स्वतःच्या वेचणीचे पैसे लावणार! दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी कारणं निघाली. जिंदगीचं असं एकदम मागू नये म्हणाली. मग म्हणाली, एवढा बलभीम बलभीम करतो, तो येळेवर जेवते तरी का? मी सांगितलं, त्याला भूक लागत नाही. "त्याच्या मायले इचार," म्हणाली.

इथे परत येऊन अकरमला सांगितलं, तर त्याचं त्याहून विचित्र. मला वाटलं नाचेल. तो लालबुंद. "तुले घ्यायचं तर घे. मी माहा वाटा सोडतो." मी म्हणालो, अबे तुझेच पैसे वाचून राह्यले! तर म्हणतो, "वाचलेल्या पैशाची काय गादी भरू?" आणि दुपारी आलाच नाही. बलभीम तीन दिवसांपासून समुद्राकाठी उभा आहे, त्याला खाणीत न्यायला कोणी नाही.

तर ताई, तुझे बारावीला गणितात एवढे मार्क होते, तू सांग. जिंदगीभराचं स्वस्त पडतं हे कागदावर दिसतं आहे. विचारलं त्यातल्या कोणाला ते खोडता आलं नाही. तरी ज्याचा या खेळाशी संबंध आहे तो अकरम, आणि जिचा काडीचा संबंध नाही ती आई, दोघंही महिन्याचंच घे म्हणून अडून बसली आहेत. माझं गणित कुठे चुकतं? मला खरंच जाणून घ्यायचं आहे, भांडायचं नाही.

चिमीला गोड पापा. भाऊजींना गार दूध द्यावं, तिखट कमी.

तुझा,
गोकुळ
(सध्या मु. पो. ट्रक)

ता. क. : पत्राचा खरा मुद्दा राहिला. भाऊजी ज्या कार्डावर घरबसल्या रेल्वेची तिकिटं काढतात, त्याचा पुढचा नंबर आणि मागचे तीन आकडे एका चिठ्ठीवर लिहून पाठव. ते आंघोळीला गेल्यावर लिहिलंस तरी चालेल, त्यांना उगाच त्रास नको. कंपनीची मुदत महिनाअखेर संपते. पैसे मी ट्रकच्या पगारातून देईन, आईशप्पथ. अकरमला नंतर समजावतो.

दुसरा ता. क. : निघण्याआधी मी पुन्हा सोनाळ्याला गेलो नाही. ट्रक आज संध्याकाळीच निघतो आहे. खेप लांबची आहे, आणि गुलाबराव म्हणतात तिकडून तिकडेच पुढच्या खेपा मिळतील. जिंदगीभराचं झालं म्हणजे मध्ये यायचं कारण नाही, एकदम उन्हाळ्यात अखजीलाच येईन. आईला तसा निरोप, ट्रक कधी कुठून निघतो त्यासकट, परवा एसटीच्या कंडक्टरजवळ दिला होता. तिचं काही उत्तर आलं नाही, म्हणजे तिला पटलं असावं. तूही मनाला लावून घेऊ नको.

तिसरा ता. क. : ताई, पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात अकरम पळत आला. तीन दिवस बोलत नव्हता, आता धापा टाकत म्हणतो, "अबे गोकुळ, तुही माय ट्रकमध्ये बसली आहे. उतरून नाही राह्यली." मी जाऊन पाहिलं. खरंच आहे. जी शेगावच्या पलीकडे कधी एकटी गेली नाही ती आपली आई, नवं लुगडं, मांडीवर बोचकं, गुलाबरावांच्या खिडकीच्या जागेवर. (पिशवी त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली आहे.) मी म्हणालो, आई, हे काय? तर म्हणाली, "मी बी गणित केलं. एकदाच येतो तुह्यासंगं, पार सूतगिरणीलोक. काय हिंडते, कुठं झोपते, काय खाते, सारं जिंदगीभराचं पाहून घेतो. मंग दर महिन्याले वाट पाह्याची गरज नाही." मी समजावलं, अकरमनं समजावलं, युसूफचाचा दुकान सोडून आले आणि समजावण्याऐवजी तिला बसायला एक उशी देऊन गेले. गुलाबराव हॉर्न वाजवत आहेत. तिचं बरोबर की माझं, ते गणित मला अजून सुटलेलं नाही. पण भाऊजींच्या कार्डाचे आकडे तूर्त पाठवू नको. मी आमीरभाईला महिन्याचंच एक कार्ड काढून ठेवायला सांगतो आणि जाऊन तिला उतरवतो. नाहीच उतरली, तर तुला पुढचा फोन तामिळनाडूवरून येईल, आणि या वेळी "आता काय पाह्यजे?" म्हणू नको, कारण फोनवर आई असेल.