पावलाच्या बाहेरच्या कडेवर

सणसर, गुरुवार

प्रिय रेश्मा,

जावईबापू अविराजराव आत्ताच तुझ्या दादांबरोबर उसाकडे गेलेत. ते परत यायच्या आत हे लिहून व्हायला हवं, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. अंगणवाडीत पोरांना गिरवायला लावणारी तुझी आई आज स्वतःच कुत्र्याचे पाय मांजराला लावतेय.

तुझ्या पायांचा कागद त्यांनी दाखवला. बारामतीच्या दवाखान्यात तुला एका पट्टीवर अनवाणी चालवलं आणि पाऊल कुठं किती दाबतं ते रंगांत उमटलं. टाच टेकताना सगळा भार बाहेरच्या कडेवर, तिथं लालभडक. आतली बाजू फिकी. गुडघ्याची वाटी दुखणाऱ्या पुष्कळांचं पाऊल असंच पडतं, असं तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या म्हणे. पण तू त्यांना दुखणं सहाच महिन्यांचं सांगितलंस, आणि त्याप्रमाणे दिलेल्या व्यायामानं ते वाढलंच. हे जुनं असावं, अशी आता बाईंना शंका आहे. खरं कळल्याशिवाय त्या पुढचे उपचार ठरवणार नाहीत.

मला तो कागद बघवेना. ती चाल माझ्यामुळे लागलीय तुला. दहावीपासून खो-खो खेळून आलीस की गुडघा धरून बसायचीस, आणि जळोचीची मंडळी तर बघायला येणार होती. आठ दिवस तुला या पडवीत चालवलं. बाहेरच्या कडेनं टेकलं की कळ कमी येते, हे तूच सांगितलंस. मी म्हटलं, बास, अशीच चाल, फक्त तोंड वाकडं करू नकोस. मग तुझे आजेसासरे, गेणबा आबा, म्हणाले, "पोरी, जरा चालून दाव." तू चाललीस, आणि मला मेलीला अभिमान वाटला! पाहुणे गेल्यावर तुला शपथ घातली, सासरी यातलं बोलायचं नाही. चार वर्षं जिने चढतेस, खाली बसून भाकरी थापतेस, वर सासूबाईंकडून कामचुकार ऐकून घेतेस. एरवी माझा एक शब्द ऐकायची नाहीस, हेच कशाला इतकं ऐकलंस गं?

आज अविराजरावांनी सरळ विचारलं, "मामी, हिचा गुडघा लग्नाआधीपासनं दुखतोय का?" फसवून पोरगी दिली म्हणतील, या भीतीनं मी म्हणाले, "न्हाय ओ, हितं हुती तवा पाय ठणठणीत हुता." चहाचा कप खाली ठेवून ते दादांबरोबर उसाकडे निघाले. त्यांना भांडायचं नव्हतं, तुला बरं करायचं होतं. तोंडावर खरं बोलायची हिंमत मला अजून होत नाही. म्हणून हे पाकीट मी चिकटवणार नाही. आधी तुमी वाचा, असं सांगून त्यांच्याच हातात देणार आहे. रागावले तर माझ्यावर रागावू देत, तू माझी बाजू घेऊ नकोस. बाईंना दहावीपासूनचं सगळं सांग. माझी शपथ सुटली.

तुझीच,
आई