तुझा ओणमचा व्हिडिओ

तिसगाव,
२८ सप्टेंबर, दुपार

प्रिय सुकू,

अक्षर ओळखलंस ना? सहावीत माझी सही करून तू प्रगतिपुस्तक शाळेत परत नेलं होतंस आणि पकडली गेली होतीस, कारण शेवटचा फराटा तुला जमला नव्हता. अजून कुणालाच जमत नाही. म्हणून हे मुद्दाम हाताने लिहिते आहे. यातला शब्द न् शब्द माझा आहे एवढी तुझी खात्री पटली पाहिजे.

तू पाठवलेला ओणमचा व्हिडिओ मी किती वेळा पाहिला, सांगता येत नाही. आयर्लंडातल्या कॉर्कच्या त्या शाळेचा हॉल, काचांवर पावसाचे ओघळ, आणि आत जमिनीवर फुलांची केवढी मोठी रांगोळी. तिला पूक्कळम म्हणतात हे तूच सांगितलंस. झेंडू कमी पडला म्हणून तुम्ही मधल्या गोलात किसलेलं गाजर भरलंत, ते पाहून मला हसू आलं. आपल्याकडे पारनेरच्या बाजूला याच दिवसांत झेंडूची शेतं नुसती पेटल्यासारखी दिसतात, आणि माझी लेक परमुलखात गाजर किसत बसली आहे. सगळ्या नर्स मैत्रिणी सोनेरी काठाच्या पांढऱ्या साड्यांत, केसांत गजरे, पितळेचा उंच दिवा, केळीच्या पानांवर वीस-बावीस पदार्थ. जेवण झाल्यावर तू पान पलीकडे दुमडलंस आणि त्यांच्यातली लिन्सी ओरडली. त्यांच्यात सणाचं पान आपल्या अंगाच्या बाजूला दुमडायचं, पलीकडे दुमडतात ते मयताच्या जेवणाला. सगळे हसले, तूही हसलीस, आणि पायसमचं भांडं घेऊन उभ्या असलेल्या मुलाने वाकून तुझं पान नीट केलं. मी शकुन-अपशकुन मानत नाही, तुला ठाऊक आहे. तरी माझ्याकडे फोन होता तोवर तेवढी जागा मी पुढे ढकलून बघायचे.

चूक माझी आहे, ती आधी कबूल करते. तुझ्या वडिलांच्या तिथीला भावकी जेवायला आली होती. जेवणं उरकली आणि मला भाषणाची हुक्की आली. चाळीस वर्षांची खोड, समोर पंचवीस माणसं बसलेली दिसली की माझा हात माईक शोधतो. मी तुझ्या भावाला, अंगदला, व्हिडिओ टीव्हीवर लावायला सांगितला आणि उभं राहून बोलू लागले. म्हटलं, दिवाळीच्या पाडव्याला तुम्ही ज्या बळीराजाला ओवाळता, तोच राजा ओणमला केरळात घरी येतो. ज्याच्या राज्यात कुणी उंच नव्हतं, कुणी नीच नव्हतं, ज्याला पाताळात ढकललं, त्याची वाट दोन मुलखांतले कुणबी आजही बघतात. मग आपण कशाला परके? खरं सांगते सुकू, मी रंगात आले होते. कुणीच ऐकत नव्हतं हे माझ्या लक्षातही आलं नाही. सगळ्यांचे डोळे टीव्हीवर होते, आणि टीव्हीवर तू होतीस, शेजारी तो मुलगा.

पहिल्यांदा छबूबाई बोलली, आपली शेजारीण. "दिवा हाय, फुलं हायती, पंगत हाय. दोघं एका रंगाच्या कापडात. लगीनच की ह्ये." कुणीतरी म्हणालं, पांढरं नेसून कुठं लग्न असतं का? तर तिच्याकडे उत्तर तयार होतं: "त्यांच्यात पांढरंच नेसत्यात. सुरतेला आमच्या शेजारी व्हते, म्या दोन लग्नं जेवलेय." बायका हसल्या. मीही हसले. म्हटलं, अगं बाई, सण आहे तो, लग्न नाही. तेवढ्यात तुझे गहिनीनाथ काका अगदी शांतपणे म्हणाले, "वहिनी, त्ये बळीचं ऱ्हाऊ द्या. पोराचं नाव काय?" आणि मी बोलण्याच्या भरात सांगून मोकळी झाले. जोबिन. मुलांच्या वॉर्डात तुझ्याबरोबर काम करतो, स्वभावाने गोड आहे, असंही वर जोडलं. काकांनी सुपारी तोंडात टाकली आणि विचारलं, "म्हंजी किरिस्ताव?" त्यानंतर कुणीच हसलं नाही. अंगदने टीव्ही बंद केला.

भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडण मला कळतं. दारूचं दुकान बंद पाडताना याच काकांशी मी वेशीत उभी राहून दोन तास भांडले आहे. पण दुसऱ्या दिवसापासून अंगद माझ्याशी गोड बोलायला लागला. सकाळचा चहा हातात आणून द्यायला लागला. माझ्या फोनची काच तडकली आहे, पाथर्डीला दुरुस्तीला देतो म्हणाला. त्याला आज नऊ दिवस झाले. काका रोज येतात, ओट्यावर बसून दोघं बाजरीच्या काढणीचं बोलतात, मी चौकटीत आले की खरंच बाजरीचं बोलायला लागतात. मी बाहेर निघाले की अंगद चप्पल घालतो. "कुठं उन्हाचं, आई? मी जातो ना."

परवा छबूबाई मागच्या दाराने आली, हातात शहाळं. मला भांडी घासताना पाहून जागच्या जागी थांबली. "बाई, तुमी उठून काम करताय व्हय? अंगद तर म्हनला, छातीत लई दुखतंय, नगरला ठिवलं व्हतं तुमाला." मी म्हटलं, मी कधी दवाखान्यात होते?  ती शहाळं ओट्यावर ठेवून पदराने तोंड पुसत निघून गेली. मी आजारी आहे, हे मला शेजारणीकडून कळलं.

आता सृष्टीबद्दल लिहिते. वस्तीवरची सृष्टी, माझी विद्यार्थिनी, नर्सिंगला जायचं म्हणून तू तिला तुझी पुस्तकं दिली होतीस. बीडकडच्या एका परजातीतल्या मुलाशी तिने रजिस्टर लग्न केलं होतं. घरच्यांनी आजी सीरियस आहे म्हणून बोलावलं, ती आली, आणि तिसऱ्या दिवशी विहिरीवर पाय घसरला. त्या विहिरीला पुरुषभर उंचीचा कठडा आहे. पंचनाम्याला पहिली सही तुझ्या काकांची होती. शोकसभेत मी बोलले. वीस मिनिटं बोलले, सुकू, लोक रडले. आणि त्या वीस मिनिटांत मी तीनदा 'अपघात' म्हणाले. कठडा मला दिसला होता. दिसूनही म्हणाले, कारण समोर आपली भावकी बसली होती. साऱ्या तालुक्यात जातीविरुद्ध घसा फोडणारी बाई स्वतःच्या गावात, स्वतःच्या माणसांसमोर शेपूट घालून बसली. त्या दिवशी मी खरं बोलले असते, तर आज हे लिहायची वेळ आली नसती असं मला वाटतं.

जोबिन तुझा कोण, हे मी विचारत नाही. मित्र असेल तर मित्र. त्याहून जास्त असेल तर माझा तुम्हा दोघांना आशीर्वाद आहे, आणि तो द्यायला मला कुणाची परवानगी लागत नाही. तुझं लग्न झालेलं नाही हे मला माहीत आहे. काकांनाही आता माहीत आहे. काल पुन्हा मागच्या दाराने येऊन छबूबाईनेच सांगितलं, तिच्यासमोर ते अंगदला म्हणाले होते, "झालं न्हाई त्येच बरं. व्हायच्या आत आणली पाह्यजे."

तुला माझ्या नंबरवरून मेसेज आले असतील, ते माझे नाहीत. अंगदने चार तारखेचं मुंबईचं तिकीट तुला पाठवलं आहे, पंकजाने ते त्याच्या मोबाइलवर पाहिलं आणि रजिस्टरात लिहून मला दाखवलं. ती आता आपल्या गावाची आशा सेविका आहे. आजारी आईचं बीपी बघायला ती येते, तिला अंगद अडवत नाही, उलट ती आली की त्याच्या गोष्टीला जोर येतो. पण ती असेपर्यंत तोही खोलीतच बसतो. आज तो बाजारात गेलाय तेवढ्यात लिहिते आहे. हे कागद तिच्या रजिस्टरात जातील आणि फोटो तुझ्या फोनवर येतील. सुकू, मी ठणठणीत आहे. येऊ नकोस. तिकीट रद्द कर, रडून फोन करणाऱ्या भावाला काही सांगू नकोस, जोबिनचा पत्ता कुणालाही देऊ नकोस. परवा ग्रामसभा आहे. तिथे मी उभी राहून सृष्टीचं नाव घेणार आहे, त्या कठड्याची उंची सांगणार आहे आणि पंचनाम्यावरची पहिली सही कुणाची ते सांगणार आहे. मला अडवायला अंगदला भर सभेत माझा हात धरावा लागेल. त्यानंतर आई गेली असा निरोप तुला आला, तर कदाचित तो खरा असेल. तरीही येऊ नकोस.

तुझीच,
आई